फ्युमिचिनोची असुंताबाई

बाभुळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून कांताबाई मेश्राम राहतात. एकोणतीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. बेंबळा धरणापेक्षा मोठं पाणी त्यांनी साठीपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्यांचा जावई रोशन इटलीत, रोमच्या विमानतळावर मालाच्या गोदामात कामाला आहे. विमानतळाला लागूनच समुद्रकाठी फ्युमिचिनो नावाचं मासेमारीचं गाव आहे, तिथं तो आणि प्रियंका राहतात. दोन वर्षांपूर्वी प्रियंकाच्या बाळंतपणाला कांताबाई एकट्या विमानानं तिकडे गेल्या, ज्वारीचं पीठ अन् डिंकाचे लाडू घेऊन.

"इमानं इतकी डोक्यावरून जात," त्या सांगतात, "का बोलता बोलता थांबा लागे. इमान गेलं का मंग पुढची गोठ."

समोरच्या घरात एक म्हातारी राही. नवऱ्याची मासेमारीची होडी. येता-जाता दोघी मान हलवत, एवढीच ओळख.

प्रियंकाची मुलगी अर्पिता बारा दिवसांची झाली त्या सकाळी रोशन कामावर होता. गोदामात फोन जवळ ठेवू देत नाहीत. न्हाणीतून बाहेर येताना प्रियंका खाली कोसळली. रक्त थांबेना. बाळंतिणीचं असं झालं तर एक मिनिट दवडू नका, हे कांताबाईंनी गावोगावच्या बायांना जन्मभर सांगितलेलं. त्यांनी लेकीचे पाय उशांवर उचलून ठेवले आणि अनवाणीच रस्त्यावर धावल्या.

"धावा वं माय! माही पोरगी चालली!"

समोरची म्हातारी दारात आली. तिनं कांताबाईंचे रक्तानं भरलेले हात पाहिले, काही न विचारता प्रियंकाच्या घरचा जिना चढली आणि अँब्युलन्सला फोन लावला. मग कांताबाईंचा दंड धरून म्हणू लागली, "काल्मा, काल्मा."

"मले वाटलं, कलमा पढून राह्यली," कांताबाई आता हसत सांगतात. "म्हनलं, संपलं सारं! मंग समजलं, ते मले शांत राह्य म्हने."

अँब्युलन्स आली. लेकीबरोबर एकालाच जाता येणार होतं. म्हातारीनं आधी बाळाकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. कांताबाई क्षणभर थांबल्या. त्या बाईचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

"लेकरू पदरात टाकलं म्हनतेत ना? तिले तं पदरही नव्हता. तसंच देल्लं."

डॉक्टरांनी रक्त चढवलं, प्रियंका वाचली. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं त्यांनी नंतर रोशनला सांगितलं. संध्याकाळी तो सासूला घेऊन परतला तेव्हा अर्पिता म्हातारीच्या छातीवर झोपली होती. बाजूला तिचा नवरा दुधाची बाटली धरून बसला होता, बाळ जागं होईल म्हणून खोकलाही दाबत. नाव तेव्हा कळलं, असुंता. कांताबाईंनी तिचे पाय धरले. तिनं घाईघाईनं उठवलं आणि दोघी तिथंच रडल्या.

पुढचे दोन महिने कांताबाई रोज सकाळी समोर जात आणि असुंताबाईचे सुजलेले गुडघे तेलानं चोळत. ती ताजे मासे देई. कांताबाईंनी त्यांचं झणझणीत कालवण करून भाकरीबरोबर वाढलं, तेव्हा म्हातारा घाम पुसत पुसत तिसऱ्यांदा वाटी पुढे करत होता. निघायच्या दिवशी दोघं विमानतळावर आली. असुंताबाईनं आपल्या गळ्यातला रुमाल कांताबाईंच्या गळ्यात बांधला.

"माह्या लेकीचा जीव तिच्या हातून वापस भेटला," कांताबाई म्हणतात. "ते कोन, मी कोन!"

मागच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगवर परप्रांतातली मजूर कुटुंबं आली. त्यांची बोली इथं कोणाला समजत नाही. त्यांच्यातली एक बाई पोटुशी होती. कांताबाई तिच्या खोपटात जाऊन बसू लागल्या, लाडू नेऊ लागल्या. एका दुपारी तिला कळा सुटल्या, तसं त्यांनी ऑटो बोलावला आणि तिची तीन वर्षांची पोर माझ्या दारात आणून उभी केली.

"धर इले. मी दवाखान्यात जाऊन राह्यली."

"अवं, मले इची भाषा कुठं येते?"

"मुरमुरे दे," म्हणत त्या ऑटोत बसल्या.

चार वाजता बाई सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली. तोवर माझ्या घरचा मुरमुऱ्यांचा डबा रिकामा झाला होता आणि ती पोर माझ्या मांडीवर झोपली होती.