सोसण्याचं कौतुक नको

ब्रेस्ट कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, आता दुखेल का? ते म्हणाले, दुखेल, पण ते आपल्याला आवरता येईल. आवरू देईन तर ना!

धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात मी बावीस वर्षं फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय काम करतं ते, शिकवलं. मॉर्फिनचा तास तर तोंडपाठ. अफूपासून मिळणारं हे ओपिऑइड गटातलं वेदनाशामक. मेंदूत आणि मज्जारज्जूत म्यू रिसेप्टर असतात, म्हणजे पेशींवरच्या खास जागा. मॉर्फिन तिथे बसलं की दुखण्याचा निरोप पुढे नीट पोचत नाही. जास्त झालं तर त्याच जागांमुळे श्वासही मंदावतो. या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी जगभर संशोधक डोकं खपवतायत.

हे सगळं फळ्यावर लिहिणारी मी, चार तासांची गोळी आठ तासांवर ढकलत होते.

सवय लागेल अशी धास्ती होती, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण अक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई. माझी शुश्रूषा करायला त्या सोनगीरहून येऊन राहिल्या होत्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगायच्या, "बठ्ठं सोसी लेस, तोंडमाईन सबद काढस नही." सगळं सोसते, तोंडातून शब्द काढत नाही, या कौतुकाला मी भुलले. गोळी घ्यायची तर मोरीत जाऊन, चोरासारखी.

जळगावच्या पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे फक्त दुखणं बघणाऱ्या विभागात, डॉक्टरीणबाईंनी पेन स्कोअर विचारला. शून्य ते दहात दुखणं किती? मी चार म्हणाले. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"मॅडम, चारवाला माणूस खुर्ची अशी घट्ट धरून बसत नाही. तुम्ही खोटा आकडा दिलात तर मी डोस कशावर ठरवू?"

मला रडू कोसळलं. नऊ, मी म्हणाले. त्यांनी डोस बदलला, सोबत पोट साफ होण्याचं औषध दिलं. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं, व्यसनावर आम्ही लक्ष ठेवतो, फक्त गोळी मनानं वाढवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही, असं बजावलं. माझ्याच नोट्समधली वाक्यं! पाचव्या दिवशी मी उताणी झोपू शकले.

त्या रविवारी घर पाहुण्यांनी भरलेलं. अक्कांनी पुन्हा माझं सोसणं सांगायला घेतलं. मोबाइलचा गजर वाजला. मी म्हणाले, "अक्का, मी आता सोसत नाही. माझी मॉर्फिनची वेळ झाली, पाणी द्या." सगळ्यांच्या देखत गोळी गिळली. कोणीतरी अफू म्हणून पुटपुटलं. मी म्हटलं, हो, अफूतलंच आहे, बसा, समजावते. आणि चांगला अर्धा तास घेतला.

पाहुणे गेल्यावर अक्का माझ्या पायाशी येऊन बसल्या.

"मी बी बठ्ठं सोसं. पन माले कोनी इचारं नही, दुखस का म्हनीसन."

मला माझीच लाज वाटली. चार महिने माझं करत होत्या, मीही विचारलं नव्हतं. म्हटलं, माझ्या गोळीला हात लावायचा नाही, ती माझ्या मापाची आहे. पण कुठे दुखतं ते आत्ता सांगा.

त्यांनी लुगडं जरा वर करून गुडघा दाखवला. इतका सुजलेला, की इतके दिवस तो मला दिसला कसा नाही, याचा संताप अजून जात नाही.