सर्व्हर बंद होता तेवढ्यात

आमच्या समाजाच्या लग्नस्थळांची वेबसाइट मी गोंदियाजवळच्या आमगावच्या घरातून सांभाळायचे. तिचा सर्व्हर सिंगापूरला होता. भाड्यानं घेतलेला, आम्ही कुणी तो पाहिलेला नव्हता, पाहणारही नव्हतो. माझे सासरे निवृत्त मास्तर, समाजाच्या कमिटीवर. आधी ते दरवर्षी मुलामुलींच्या परिचयाची पुस्तिका छापायचे. मी लग्न होऊन नागपूरहून आले, सून कॉम्प्युटर शिकलेली आहे म्हटल्यावर त्यांनी छापणं बंद केलं आणि सगळं माझ्या लॅपटॉपवर आणून टाकलं. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी येता-जाता विचारायचे, "बाई, आज कोणाचं स्थळ आलं?"

ही गोष्ट दोन हजार पंधराच्या आसपासची. दिवाळीच्या आधी सर्व्हरवाल्या कंपनीचा मेल आला. सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद होणार होत्या. म्हणजे दाराची कडी ढिली झाली होती आणि ती कुणी बसवून देणार नव्हतं. आत एवढ्या मुलींचे फोटो, घरांचे पत्ते, बापांचे नंबर. मेल आल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. भाजी फोडणीला टाकायचे आणि मध्येच लॅपटॉप उघडून बघायचे, साइट चालू आहे ना.

जुनी सिस्टिम पुसून नवी टाकायची असं ठरवलं. घरच्या कॉम्प्युटरवर हे मी कितीदा केलं होतं. तिथं स्क्रीन काळी झाली तरी मशीन समोर असतं, बटण दाबून परत सुरू करता येतं. इथं बटण समुद्रापलीकडं होतं. माहितीची एक प्रत आधीच घरी उतरवून घेतली. फोटो मात्र फार होते, आमच्या लाइनवरून ते उतरवायचे म्हणजे आठवडा गेला असता. पण ते सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर होते आणि सिस्टिम बदलताना त्या डिस्कला धक्का लागत नाही, असं कंपनीनं लिहिलं होतं. त्यावर विश्वास ठेवला.

दुपार निवडली, कारण धानाची कापणी चालू होती आणि गावोगावचे लोक बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होते. साइट बघितली जाते ती रात्रीच्या जेवणानंतर. पहिल्या पानावर 'दुरुस्तीसाठी बंद' असं लिहून खाली माझा नंबर टाकला. ते पान दुसरीकडं ठेवलं होतं, त्यामुळं सर्व्हर बंद असतानाही दिसायचं. मग सर्व्हर थांबवला, नवी सिस्टिम निवडली आणि 'बदला' दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरत राहिला. मी उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले. गोल फिरतच होता. अंगणात गेले. शेजारच्या खळ्यात मळणीचं मशीन घरघरत होतं, धानाचा भुसा उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होता. कपडे झटकायचं सोडून परत आत. मामाजी खाटेवरून बघत होते.

"काऊन अशी येरझारा घालून राहिली?"

"काही नाही मामाजी. सिस्टिम बदलते आहे."

"मग बस ना एका जागी. चालल्यानं लवकर होते का?"

अखेर गोल थांबला. मी आत शिरायला गेले तर माझाच लॅपटॉप मला अडवू लागला. या पत्त्यावरच्या मशीनची ओळख बदलली आहे, कुणी तोतया असू शकतो, सावधान. ते साहजिकच होतं, नवी सिस्टिम म्हणजे नवी ओळख. जुनी ओळख पुसली, आत गेले, आणि आधी फोटोंचं फोल्डर उघडलं.

फोल्डर रिकामं होतं.

परत उघडलं. रिकामंच. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा आवाज होता, हळू.

"मॅडम, साइटवर बंद लिहून येऊन राहिलं. सगळंच गेलं का?"

"माहिती आहे माझ्याकडे. फोटोंचं बघते आहे. काळजी करू नका."

"फोटो गेले का?"

तिनं ते असं विचारलं की मी लॅपटॉपवरची नजर काढली. त्या आवाजात काळजी नव्हती, आशा होती.

"कोण बोलतंय?"

"मी येऊ का तुमच्याकडे? गावातच आहे. हॉस्टेलवरून घरी चालली."

स्कूटी दारात लागली तेव्हा मी अजून त्या रिकाम्या फोल्डरशीच झटत होते. तोंडाची ओढणी सोडून ती बसली. जवळच्याच खेड्यातली, गोंदियाला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सावळी, मोठ्या कपाळाची, दमलेली. तिचा बायोडाटा तिच्या बाबांनी टाकला होता. तेव्हा आमचा नियमच तसा होता, नोंद आईबापांनी करायची.

"ताई, माझा फोटो सापडला तरी परत नका टाकू."

"लग्न नाही करायचं का?"

"करायचं आहे ना. पण तो फोटो माझा नाही." मग म्हणाली, "म्हणजे माझाच आहे. स्टुडिओवाल्यानं गोरा केला. पाहुणे येतात, मी पोहे घेऊन समोर बसते. मग त्यांच्यातली एक बाई मोबाइलवर तो फोटो उघडते आन् माझ्या तोंडाजवळ धरते. एकदा त फोटोकडं, एकदा माझ्याकडं. मग बाकीचे बघतात. असं प्रत्येक वेळी. बाबाले सांगितलं, फोटो बदलवा. ते म्हणतात राहू दे, पाहुणे येतात त त्याच्यानंच येतात."

मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मला सुचलं की नव्या सिस्टिमला ती दुसरी डिस्क कुठं जोडायची हे कुणी सांगितलेलंच नाही. डिस्क तिथंच असणार. लॅपटॉपवर दोन ओळी लिहिल्या आणि फोटो भराभर दिसायला लागले. सगळे. मला हुश्श झालं. शेजारी बसलेल्या मुलीचा चेहरा पडला.

"सापडले," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली आणि कप खाली ठेवला.

तिचा फोटो मी तिच्यासमोरच उघडला. पिठासारखा चेहरा, मागं निळा पडदा. तिच्या त्या मोठ्या कपाळाचा कुठं पत्ताच नव्हता. मग मी तिला म्हटलं, "मामाजींना सांगते. पण तू इथं थांब."

मामाजींनी ऐकलं आणि मान हलवली. "बापानं टाकलं, त बापच काढन. आपण कोण?"

"तुम्ही तिला समोर बसवून फोटो लावून बघितलं असतं का, मामाजी?"

"मी कायले असं करीन?"

"आपल्याच साइटवरून करून राहिले लोक."

मामाजी खाटेवर उठून बसले. बाहेरचं मशीन थांबलं होतं. मग मुलीकडं बघून त्यांनी विचारलं, "टुरी, वय किती झालं तुझं?"

"चोवीस, गुरुजी."

"कागदावर?"

"कागदावर बाबांनी बावीस लिहिलं आहे."

मामाजी हसले नाहीत. मला म्हणाले, "झाकून ठेव तिची नोंद. पुसू नको. तिच्या बापाशी मी बोलतो."

संध्याकाळपर्यंत साइट नव्या सिस्टिमवर सुरू झाली. मध्ये वीज गेली, इन्व्हर्टरवर काम केलं. एकेक पान उघडून तपासत बसले, आणि प्रत्येक मुलीच्या फोटोपाशी थांबत होते. कितीतरी चेहऱ्यांमागं तोच निळा पडदा होता. यांतल्या कुणाला मी विचारलं होतं? जेवण गेलं नाही. काम फत्ते झालं होतं आणि मला चैन नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले. उन्हानं रापलेले, पायांना चिखल, थेट बांधीतून. मुलीचं कपाळ त्यांचंच होतं.

"गुरुजी, माह्या टुरीचं नाव काऊन काढलं? ऐन सीझनमधी!"

मामाजींनी त्यांना खुर्ची दिली आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं, मोबाइल तोंडाजवळ धरण्याचंसुद्धा. तिच्या बाबांनी मान वर केली नाही.

"मी तिथंच असतो ना तेव्हा," ते म्हणाले. "मले दिसत नाही का? पण वाटे, गोरी दिसन त चार लोक जास्त येतीन. त्यातला एखादा त मानसासारखा निघन. मी कायले तिचं वाईट करीन, गुरुजी?"

"तू वाईट नाही केलं. पण तिले विचार."

चहा न घेताच ते उठले. मला वाटलं, आता हे कमिटीकडं तक्रार करणार. तशी झालीही, पण दुसऱ्या कुणाकडून. कारण मामाजींनी त्याच आठवड्यात नियम बदलायला लावला: ज्याचं लग्न त्याच्याच मोबाइलवर आधी विचारायचं, होकार आला तरच नोंद दिसेल. कमिटीतले दोघं बिथरले. मी मेसेज पाठवायची सोय केली आणि उत्तरांची वाट बघत बसले, पुन्हा तशीच, एका जागी न टिकता. पुष्कळ जणांचे होकार आले. काहींनी नकार कळवला, त्या नोंदी पुसल्या; त्यांत मुलांच्याही होत्या. एका मुलानं तर फोन करून विचारलं, "माझं नाव होतं का तिथं?"

तुळशीचं लग्न झालं, माघ आला. एक दिवस नवी नोंद आली. वय खरं, आता पंचवीस झालेलं, शिक्षण नर्सिंग, रंगाची जागा रिकामी. फोटो मोबाइलवर काढलेला, हॉस्टेलच्या गच्चीत, ऊन थेट तोंडावर, त्यामुळं डोळे बारीक झालेले. कपाळ पुरतं दिसत होतं. मी मामाजींना हाक मारून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. संपर्कासाठी तिनं तिच्या बाबांचाच नंबर दिला होता.