मोटर लाव!

पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेलं, तेव्हा हौदाकाठच्या वडाखाली बाकावर एक काका डुलक्या घेत बसले होते. पायजमा कडक इस्त्रीचा, बोटं पोटावर गुंफलेली. हौदात पडणारी धार त्या वेळी बंद होती. गाईड सांगत होता, की दूरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून इथवर यायचं आणि त्याच्या जोरावर चक्की फिरायची. ना वाफेचं इंजन, ना मोटर.

काकांनी एक डोळा उघडला. "म्हंजे लाईट गेली म्हणून पाणी नाय आलं, असं सांगायची सोयच नव्हती बिचाऱ्यांना!" आणि डोळा परत मिटला.

पाहुणे हसले नाहीत. त्यांच्या गावात नळाला रोज पाणी येतं. आमच्याकडं ते येईल तेव्हा येतं, आणि आलं की आधी मोटर लावायची असते.

तेवढ्यात कुणीतरी पाणी सोडलं आणि धो धो धार हौदात कोसळली. काका ताडकन उठले. एक चप्पल पायात, एक बाकाखाली, फोन कानाला. "अगं, पाणी आलं! मोटर लाव, मोटर!"

मग त्यांना समोरचा हौद दिसला. "सवय हो, ताई," ते ओशाळून मला म्हणाले. "आवाज आला की राहवत नाय."

मला हसू आवरेना. "बघा, आमच्याकडची माणसं अशी लई गमतीची!" मी पाहुण्यांना सांगत होते, तोच माझ्याच हातातल्या फोनमधून नवरा खेकसला, "कुठं आलंय पाणी? तू म्हणालीस म्हणून मोटर लावली, कोरडीच फिरतीय ती!"