दोन भाऊ, दोन देशांची शिक्षा

मला दोन भाऊ. धाकटा तळोज्याच्या जेलमध्ये राहून आला. मोठा पाकिस्तानच्या जेलमध्ये आहे. दोघांनाही शिक्षा सहाच महिन्यांची.

धाकट्याने होडी बांधून ठेवायच्या जागेच्या भांडणात एकाचं डोकं फोडलं होतं. निकाल लागेपर्यंतच चार महिने तो आत होता. ते चार वजा झाले, उरलेले दोन काढले आणि ठरल्या दिवशी तो बाहेर आला. मोठ्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं. आमच्या घणसोलीच्या खाडीत मासळी राहिली नाही, म्हणून तो गुजरातच्या बोटीवर खलाशी झाला आणि बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली.

धाकट्याच्या केसचे वकील म्हणाले होते, "दोन्हीकडचा कायदा मुळात इंग्रजांचाच. सहा महिने म्हणजे सहा महिने." आम्ही तेच धरून बसलो.

मोठ्याचे सहा महिने भरायला थोडे दिवस असताना घरी एक पोलीस आला. वहिनी, म्हणजे मोठ्याची बायको, मासळी विकायला गेली होती. मी विधवा झाल्यापासून माहेरीच असते, घरात एकटीच होते. त्याने मोठ्याचं नाव घेऊन विचारलं, "हा इथलाच का? ओळखता?"

धाकट्याच्या केसपासून आमच्या घरात ठरलेलं उत्तर होतं. पोलिसाने घरातल्या पुरुषाचं नाव काढलं की तेच द्यायचं. मी मान खाली घालून म्हटलं, "इथं कोन राहत नाय. आमचा संबंध नाय."

"नक्की?"

"नक्की."

त्याने लिहून घेतलं, माझी सही घेतली. मला वाचता येतं, पण तो लवकर जावा म्हणून वाचलं नाही. गेल्यावर मला वाटलं, आज मी एकटीने घर सांभाळलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

सहा महिने भरले, मोठा आला नाही. धाकटा हसून म्हणाला, "इकडं शिक्षा लागायच्या आधीच आत टाकतात, तिकडं संपली तरी सोडत नाय. वहिनी, कुठलं जेल बरं, तूच सांग." वहिनीने हातातलं लाटणं त्याच्यावर फेकलं.

मग त्या बोटीवरचे बाकीचे सगळे परत आले. वकिलांनी चौकशी केली. तिकडे परक्या देशाच्या कैद्याची शिक्षा संपली तरी तो सुटत नाही. हा माणूस आमचा आहे, असं आपल्या सरकारने कळवायला हवं. "यांचं कळवलंच नाही," वकील म्हणाले. "पोलीस चौकशीला आला तेव्हा तुमच्या घरातूनच नकार गेलाय."

वहिनी धाकट्याच्या अंगावर धावून गेली. "मुडद्या, तूच सांगितलंस!"

"मी घरी तरी होतो का?" तो ओरडला.

मी चुलीपाशी होते. म्हटलं, "मी सांगितलं."

वहिनी वळली. मला वाटलं मारेल. ती एवढंच म्हणाली, "जल्मात तुजं तोंड उघडत नाय, आनि उघडलंस ते यासाठी?"

दुसऱ्या दिवशी तिने मला दंडाला धरून चौकीत नेलं. साहेबांनी विचारलं, "तेव्हा नाही म्हणालात, आता हो म्हणता. खरं कुठलं?" वहिनीने मागून ढोसलं. "बोल गो, आता वाचा बसली काय?"

मी म्हटलं, "तो माझा सख्खा भाऊ हाय." या वेळी मी कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

कागद दिल्लीला गेला म्हणतात. मला दोन्ही देशांचा राग येतो, पण वहिनी मला तेवढ्यावर सुटू देत नाही. आज मोठ्याला सतरा महिने झाले. जेवायला बसलं की ती विचारते, "सहा महिने कोर्टानं दिले. वरच्या अकरातले त्या देशाचे किती आनि तुझे किती?"