खजुराच्या काकवीची बरणी

तुम्ही पाठवलेली मेपल सिरपची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी थेट आखातातल्या अल ऐनच्या एका खजुराच्या बागेत जाऊन पोचले. नव्वदच्या दशकातला वसंत होता. तुमच्या आजोबांच्या ऑफिसातल्या एका अमिराती सहकाऱ्याने आम्हाला शुक्रवारी बागेवर बोलावलं होतं. पाटातून पाणी खळखळत होतं आणि माणसं झाडांवर चढून नव्या फुलोऱ्यावर पराग झटकत होती. सहकाऱ्याच्या आईने गरम रोटीवर खजुराची काकवी वाढली, गेल्या उन्हाळ्यात रचून ठेवलेल्या खजुरातून आपोआप झिरपलेली, काळी, दाट. मी आपल्या रीतीप्रमाणे कौतुक करत सुटले. "अगं, पुरे! इथे वाखाणलेली वस्तू पाहुण्याला देऊन टाकतात," आजोबा कुजबुजले, पण तोवर त्या माउलीने अख्खी बरणी माझ्या मांडीवर ठेवलीसुद्धा. "खलास, अब ये तुम्हारा!" मी नको नको म्हणाले, तशी ती आणखीच हट्टाला पेटली. निघताना तिची गरोदर सून हसून म्हणाली, "लास्ट वन. फॉर मी, आफ्टर बेबी." तिथे बाळंतिणीला ही काकवी देतात, आपल्याकडच्या डिंकाच्या लाडवांसारखी. मी घाईघाईने बरणी पुढे केली, तर ती दचकून मागे सरली. "नो, प्लीज! मदर विल क्राय." घरी तुमच्या आईने ती पोळीबरोबर चाटूनपुसून संपवली, माझ्या घशाखाली एक थेंब उतरला नाही. आजी आमच्या घरातल्या कशालाच छान म्हणत नाही, अशी तुमची तक्रार असते ना? बाळांनो, सगळं छानच असतं. फक्त ते कुणासाठी राखून ठेवलंय, हे मला ठाऊक नसतं.