वाइनच्या जेवणाला आई आली

जेवणाची तारीख ठरली आणि माझा घरातला जीव उडाला. चहा गाळायला घेतला की हॉटेलला ग्लासांबद्दल विचारायचं राहिलंय हे आठवायचं. गाळणी तशीच ठेवून मी फोन शोधत फिरायचे. आई सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या त्या दोन खोल्यांत माझ्या येरझाऱ्या बघत बसायची.

आमचा सहा जणांचा गट आहे. सुरतेत माणसं खाण्यासाठी जमतात, तसेच आम्हीही जमतो. फरक इतकाच की आम्ही एका वेळी एकच पदार्थ घेतो आणि तो पाच-सहा ठिकाणांहून आणून, कुठला कुठून आलाय ते लपवून चाखतो. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा झाला, चहा झाला, एकदा नुसता गूळ झाला. गूळ झाल्यावर कतारगामच्या लेसच्या व्यापाऱ्यानं विषय काढला की आता वाइन. त्याच्या बायकोनं लगेच माझ्याकडे बोट केलं. गटात वाइनबद्दल थोडंफार कळतं ते मलाच.

ते कळलं ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. आम्ही सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या रंगांच्या लॅबमध्ये एकत्रच कामाला लागलो होतो. ती पुढे नाशिकजवळ वाइन बनवणाऱ्यांकडे गेली. एकदा मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं माझ्यापुढे चार वेगवेगळ्या लाल वाइन आणि एक मोजपात्र ठेवलं आणि म्हणाली, "कर मिसळून." बोर्दो हा फ्रान्सचा द्राक्षांचा मुलूख. तिथली पद्धत अशी की सहसा एका जातीवर भागवायचं नाही. कॅबर्ने, मर्लो आणि अजून एखाद-दोन जाती वेगवेगळ्या मुरवायच्या आणि मग मिसळायच्या. मी दिवसभर हेच करते, फक्त रंगांचं. नेव्ही ब्लूमध्ये चिमूटभर लाल जास्त पडला तर कापड ट्यूबलाइटखाली एक दिसतं आणि उन्हात दुसरं. त्या दुपारी मोजपात्रात पेटी व्हर्दो जातीच्या काळपट वाइनचे थोडेसे थेंब घातल्यावर सगळ्या मिश्रणाला जो कणा आला, तो मला जिभेवर स्पष्ट कळला. तेव्हापासून मी वाइन पिते. वर्षातून चार-पाच वेळा, गुजरातबाहेर गेले की.

आईला हे माहीत होतं. आम्ही बौद्ध. वडील जळगावकडून रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला आले, तेव्हापासून आईनं रविवारची वंदना चुकवलेली नाही. पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे मद्य न घेण्याचं. आई ते नुसतं म्हणत नाही, पाळते. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घेते. माझ्या पिण्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो.

बाटल्या झाकायला पिशव्या हव्या होत्या. लॅबमधून मी नमुन्यांचं जाड सुती कापड आणलं आणि आईला म्हटलं, "लांबट पिशव्या शिवून देशील का? पाच."

तिनं मशीनला दोरा लावला. "ह्या बाटल्याससाठे शेतस ना?"

आई माझ्याशी अहिराणीतच बोलते. इथं तिचं बहुतेक बोलणं मी माझ्या मराठीत लिहितेय, पण हे वाक्य जसंच्या तसं आठवतं. मी "हो" म्हटलं. तिनं पाचही शिवल्या. प्रत्येकीला वरून आवळायला नाडी लावली.

गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे जेवण दमणला ठेवलं होतं. सुरतेहून गाडीनं दोनेक तास. हॉटेलचा स्वतःचा परवाना होता, त्यांनीच मैत्रिणीकडून बाटल्या रीतसर मागवल्या होत्या. रात्र तिथंच काढायची हेही ठरलेलं होतं, कारण पिऊन हद्द ओलांडली तर नाक्यावर श्वास तपासतात, आणि आमच्यातल्या कुणालाच ती शोभा करून घ्यायची नव्हती. त्या रात्रीपुरता माझा भाऊ आईजवळ राहणार होता. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यात ठरावीक वेळानं थेंब टाकावे लागायचे आणि स्वतःचे स्वतःला टाकायला तिला जमत नव्हतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं. मी फोन ठेवला, आत गेले, बाहेर आले, परत आत गेले.

"तू जा," आई म्हणाली. "मी बघते काहीतरी."

"काय बघणार? शेजारीण गावाला गेलीय. तू चल माझ्याबरोबर."

तिनं थेंबांची बाटली पिशवीत टाकली. मग म्हणाली, "येते. पण तिथं झोपणार नाही मी. जिथं दारू विकतात त्या छपराखाली मी झोपणार नाही. जेवण झालं की घरी यायचं."

मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"चा अर्थ मला वाटेत पारडी गाव मागे टाकल्यावर कळला. आईला घरी आणायचं तर गाडी मीच चालवणार, आणि गाडी चालवायची तर एक घोटही घ्यायचा नाही. दोन महिने मी ज्याच्यामागे धावले ते मी फक्त ओतणार होते. शेजारी आई ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून सरळ समोर बघत बसली होती. मी रेडिओ लावला, बंद केला, काच खाली घेतली.

हॉटेलात पोचले तर मैत्रीण नाशिकहून आधीच आलेली आणि वैतागलेली. बाटल्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी ठेवल्या होत्या, हाताला कोमट लागत होत्या. लाल वाइन फार गार नको, पण कोमट झाली की तिच्यातली दारूच तेवढी नाकात जाते. आम्ही त्या बर्फात ठेवल्या, मग फार गार होतील म्हणून काढल्या, परत ठेवल्या. मॅनेजरनं पाण्याचे पेले मांडून ठेवले होते. वाइनचे ग्लास मागितले तर म्हणाला, "मॅडम, ते लग्नाच्या पार्टीसाठी ठेवलेत." मी त्याच्याशी मराठी, हिंदी, गुजराती तिन्हींत भांडले. शेवटी मैत्रिणीनं गोड बोलून ग्लास मिळवले. मी ते पुसत होते आणि काचेतून आईकडे बघत होते. टेबलाच्या टोकाला उंच पाठीच्या खुर्चीत, काळा चष्मा लावून, ती कोर्टात बसल्यासारखी बसली होती.

संध्याकाळी सगळे आले. गटातले सर्वांत मोठे म्हणजे आमचे सर, जुने सुरती डाइंग मास्टर, ज्यांच्या हाताखाली मी रंग शिकले. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला आणि तिच्या शेजारी बसले. समोर व्यापारी आणि त्याची बायको. व्यापाऱ्यानं एक अट घातली होती की पाचपैकी एक बाटली अस्सल बोर्दोची असेल आणि ती तो देईल. बाकी चार आपल्याकडच्या, त्याच पद्धतीनं मिसळलेल्या.

पिशव्यांतल्या बाटल्या फिरल्या. मी सांगत होते: आधी वास घ्या, मग छोटा घोट, हिरड्यांना कोरडेपणा जाणवतो का बघा. माझ्यापुढेही पाच ग्लास भरलेले होते. मी प्रत्येकात नाक घालायचे आणि खाली ठेवायचे. तिसऱ्याचा वास मला सोडत नव्हता. पिकल्या जांभळाचा होता, पण त्याच्याखाली ओल्या लाकडासारखं काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे वासावरून उलगडत नव्हतं. ते जिभेवरच कळलं असतं. मी उठायचे, पाणी आणायचे, कुणाची तरी बशी सरळ करायचे, बसायचे.

सरांनी दुसरा ग्लास खाली ठेवला. "बेन, आ तो उधरसनी दवा जेवुं लागे छे."

सगळे हसले. खोकल्याच्या औषधाचं नाव निघाल्यावर आईच्याही तोंडावर जरा काहीतरी हललं.

मग आवडीचे क्रम सांगायची वेळ आली आणि तिथं बिनसलं. व्यापाऱ्याच्या बायकोनं चौथीला सगळ्यांत खाली टाकलं. "शाई प्यायल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. नाडी सोडली तर आत नवऱ्याची फ्रान्सची बाटली. तो हसला, पण चांगलं हसला नाही. म्हणाला, "तुला काय कळतं?" ती म्हणाली, "मला नाही कळत तर विचारलंत कशाला?" मैत्रीण घाईघाईनं सांगू लागली की अशा वाइन उघडून बराच वेळ ठेवाव्या लागतात, आपण घाई केली. ते खरंच होतं, आणि ती घाई माझी होती. आईला लवकर नेता यावं म्हणून मी सगळंच लवकर उरकायला घेतलं होतं. मला वाटलं, संपलं. आता हे जेवण लोक या एका वाक्यासाठी लक्षात ठेवणार.

तेवढ्यात सरांचं लक्ष माझ्या ग्लासांकडे गेलं. पाचही ओतलेले तसेच. "बेन, तमे केम नथी पीता?"

"गाडी चालवायचीय, सर. आईला घरी न्यायचंय."

सगळे एकदम आपापल्या ग्लासात बघू लागले. आईनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "थेंब टाकायची वेळ झाली."

मी तिला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. तिनं चष्मा काढून मान मागे केली. माझा पहिला थेंब गालावर गेला, दुसरा पापणीवर.

"तुना हात का बरं थरथरी राहिना?"

"काही नाही."

"दोन महिने तू घरात धड बसली नाहीस. बसलीस तर पाय हलवत बसलीस. याच्यासाठीच ना? मग पीत का नाहीस?"

"तुला घरी न्यायचंय म्हणून. तूच सांगितलंस ना."

"सांगितलं होतं." तिनं पदरानं गाल पुसला. "आता सांगते, राहू. तुझे हात असे, माझा एक डोळा असा. अंधारात कोण कुणाला नेणार?"

"आई, माझ्यासाठी तू तुझं—"

"माझं काही मोडत नाही. झोपल्यानं काही पोटात जात नाही. मला खोली दाखव."

मी तिला खोलीत सोडलं, तिच्यासाठी पुलावाचं ताट वर मागवलं, थेंब नीट टाकले आणि खाली आले. तोवर जेवण सुरू झालं होतं. व्यापाऱ्यानं स्वतःच्या बाटलीतलं बायकोला पुन्हा ओतून दिलं होतं आणि ती म्हणत होती की आता जरा बरी लागतेय. तो नको म्हणत असतानाही तिनं त्याच्या ताटात भजं टाकलं. मी माझ्या जागेवर बसले आणि तिसरा ग्लास उचलला. वाऱ्यावर राहून ती वाइन मोकळी झाली होती. आधी जांभूळ, मग कच्च्या केळ्याच्या सालीसारखा तुरट कोरडेपणा, आणि तो गिळल्यावरही हिरड्यांवर राहणारा. माझ्या वाट्याचं मला मिळालं होतं. तरी माझं लक्ष जिन्याकडे होतं. दुसरा घोट घेतला तेव्हाही. मैत्रीण काहीतरी विचारत होती ते मी दोनदा ऐकलं आणि दोनदा "काय?" म्हटलं.

वर गेले तेव्हा आई जागीच होती, भिंतीकडे तोंड करून.

"कसं लागलं?"

एवढ्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगायला गेले, जांभूळ म्हटलं, केळ्याची साल म्हटलं, आणि थांबले. आपण बोललो की खोलीत वास पसरतोय असं मला वाटायला लागलं. तिनं "हं" केलं आणि पांघरूण ओढलं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका अंगणात थांबल्या. एकीनं आईला विचारलं, "दमणला गेला होता म्हणे?"

"हो," आई म्हणाली. "हिच्या कंपनीचं जेवण होतं."

आईला मी खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. नुकतंच सगळ्यांबरोबर तिनं खोटं न बोलण्याचं शील म्हटलं होतं, तिचा आवाज मी ओळखते.

"कंपनीचं नव्हतं," मी म्हणाले. "आमच्या गटाचं होतं. वाइन चाखायचं जेवण. मी ठेवलं होतं."

त्या बाईनं एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "वाइन म्हणजे दारूच ना?"

"हो, दारूच."

"मग तुम्ही पण होतात तिथं?" तिनं आईला विचारलं.

"होते की," आई म्हणाली. "पुलाव खाल्ला. मीठ कमी होतं."

रस्त्याला लागल्यावर ती माझ्यापुढे चालत राहिली. भाजीच्या गाडीपाशी थांबली, पापडी निवडायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगायची काय गरज होती?"

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस."

"बोलले. ते माझं मी बघेन." तिनं किडकी शेंग बाजूला टाकली. "आता त्या चार ठिकाणी बोलतील. तेव्हा तू उत्तर दे. मी देणार नाही."

बोलल्या असतीलच. माझ्या तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, पण पुढचे काही रविवार आमच्या शेजारची सतरंजी उशिरा भरायची. आई तिच्या नेहमीच्या जागी बसायची. मी कधी जायचे, कधी जायचे नाही, आणि गेले नाही की घरात फेऱ्या मारायचे.

परवा मैत्रिणीचा फोन आला. या थंडीत नाशिकला पुन्हा जेवण ठेवायचं का, द्राक्षमळ्यातच. मी बघते म्हणून फोन ठेवला. आई आतून म्हणाली, "कुणाचा होता?"

आधी मी "लॅबमधला" म्हणून मोकळी झाले असते. या वेळी सगळं सांगितलं.

ती बाहेर येऊन दारात उभी राहिली. "जाणार आहेस?"

"माहीत नाही."

"मला माहीत नसतं तेव्हा मी बसते," ती म्हणाली. "तू उभी राहतेस."

मी खरंच उभी होते. गॅसवर दूध वर येत होतं, तिनंच पुढे होऊन ते उतरवलं.