अठरा कागद आणि काजळाची डबी

नोटरीच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला ‘एखादा किस्सा सांग ना’ असं कधी म्हणू नये. एक सांगायला जावं तर त्याला दुसरा चिकटून येतो, दुसऱ्याला तिसरा. जुन्या फायलींतले कागद गोंदानं असेच एकमेकांना चिकटायचे. आता तुम्ही म्हणालाच आहात, तर बसा.

आमचं ऑफिस पोर्ट लुईला, आमच्या बेटाच्या राजधानीत, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथं टायपिस्ट आणि शपथ घेतलेली दुभाषी. मराठी शिकले ती गावच्या बैठकेत, म्हणजे आमच्या संध्याकाळच्या शाळेत, चटईवर बसून. नोटरीला आमच्याकडे ‘मेत्र’ म्हणतात. आमचे मेत्र गोरेपान, उन्हाळ्यातसुद्धा टाय न सोडणारे, आणि त्यांचं एकच ब्रीद: “जे कागदावर नाही, ते जन्मलंच नाही!”

दुसरे मिस्ये गास्तों, हेडक्लार्क. सत्तरच्या दशकात युरोपातली जोडपी आमच्या बेटावर मूल दत्तक घ्यायला येऊ लागली, तेव्हा गास्तोंनी एक यादी टाईप करून भिंतीवर लावली. अठरा कागद. जन्मदाखल्यापासून कोर्टाच्या हुकुमापर्यंत, प्रत्येकाला तिकीट, सही, शिक्का, फीत. सतरा झाले तर मूल जागचं हलणार नाही, आणि एकोणिसावा आणलात तर गास्तों तो दोन बोटांत धरून परत देत.

“यादीत नाही,” एवढंच म्हणत.

*

यादीतला सातवा कागद म्हणजे ‘प्रकरणातील सर्व व्यक्तींचा’ पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. पितों गावाकडची एक चौदा महिन्यांची मुलगी होती. गास्तोंनी तिच्याही नावानं अर्ज केला.

मी म्हटलं, “मिस्ये गास्तों, तिला अजून चालता येत नाही!”

“व्यक्ती आहे की नाही?”

अर्ज गेला. गावचा सार्जंट सायकलवरून चौकशीला गेला. शेजारणीला त्यानं विचारलं, हिचा कुणाला उपद्रव वगैरे? शेजारीण खरं बोलणारी. म्हणाली, दात येताहेत, दुपारची झोप म्हणून नाही आम्हाला.

आठवड्यानं दाखला आला: ‘परिसरातील शांतता वारंवार भंग करते. यापूर्वी शिक्षा झालेली नाही.’

गास्तोंनी त्याला फीत बांधून टाकली.

*

नवव्या क्रमांकाला फोटो. मुलाचा एकट्याचा, समोरून, मागं पांढरं कापड. आता सहा महिन्यांचं मूल एकटं बसणार कसं? फोटोग्राफर हुशार. त्यानं मुलाच्या मावशीला पांढऱ्या चादरीखाली बसवलं आणि तिला मुलाला मागून धरायला सांगितलं.

फोटो वकिलातीत गेला आणि चिठ्ठीसकट परत आला: ‘मुलाला तिसरा हात दिसतो. त्या हातात बांगड्या आहेत. खुलासा करावा.’

मेत्र दोन दिवस खुलासा लिहीत होते. दुसरा फोटो काढावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी काय, यादीत फोटो एकच होता!

*

आता मीनाची फाईल. खरं तर सगळे किस्से हिच्यापाशीच येऊन थांबतात.

पेती राफ्रेला गंगाआजी राहायची. भाजीचा एवढासा वाफा, दोन शेळ्या, डोळ्यांत मोतीबिंदू. तिची लेक बाळंतपणात गेली. बाळाचा बाप बोटीवर नोकरीला गेला तो गेलाच. मीना वर्षाची झाली आणि आजी सत्तरीच्या पुढं. कुणीतरी तिला आमच्या ऑफिसचा पत्ता दिला. पोरीला काखोटीला मारून ती जिना चढून आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

“बाय, तू मराठी बोलतस असं सांगितलान. माज्या तिफीला, ह्या पोरीला, चांगलं घर बघून दे. मी हाय तवर.”

ते ‘मी हाय तवर’ दिवसभर माझ्या कानात राहिलं. सरळच सांगते, त्या दिवशी माझं टाइपिंग धड झालं नाही.

घर मिळालं. थंड देशातलं जोडपं, वय चाळिशीचं, स्वभावानं सरळ. त्यांनी कागदांचं जाड पाकीट पाठवलं. घराचा नकाशा, पगाराचा दाखला, आणि ‘कुटुंबातील सदस्यांची आरोग्यपत्रे’. सदस्य तीन होते. नवरा, बायको आणि बेला.

बेला कुत्री होती!

मी तो कागद बाजूला ठेवला. गास्तोंनी तो पुन्हा आत घातला. आरोग्यपत्रं हा अकरावा कागद, सदस्यांची म्हटलंय, म्हणजे सदस्यांचीच. मी बेलाच्या इंजेक्शनांचं शपथेवर भाषांतर केलं, मेत्रनी शिक्का मारला, गास्तोंनी फीत बांधली. मीनाच्या आधी कुत्रीचे कागद पूर्ण झाले.

आजीनं विचारलं, “कुत्रा चावतो काय गो?”

मी सगळं उलटून पाहिलं. वजन होतं, रंग होता, जात होती. कुत्रीच्या बापाचं नावसुद्धा होतं. मीनाच्या जन्मदाखल्यात त्या जागी नुसती रेघ होती. चावते की नाही, ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

*

तेरावा कागद संमतीचा. अकरा पानं, आणि ती आजीला कळेल अशा भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायची. मी वाचत होते. मेत्र टाय नीट करून समोर. आजी पदर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला, आणि मीना टेबलावर बसून लाल फितीचं टोक चोखत होती.

“ही संमती कधीही मागे घेता येणार नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे, आजी, उद्या वाटलं तरी मीनाला परत मागता येणार नाही.”

आजीनं मीनाच्या तोंडातलं फितीचं टोक काढून घेतलं. मग म्हणाली, “परत मागायचं असतान तर दिलं असतं कशाला?” आणि अंगठा पुढं केला.

शाई लावता लावता तिला काहीतरी आठवलं. “बाय, येक लिवायचं रवलं. तीट. रोज गालाला तीट लावायची. हयसर मी लावतंय. थयसर कोण लावणार? लिव त्यात.”

मी मेत्रना सांगितलं. काजळाचा ठिपका, नजर लागू नये म्हणून, ही आजी घरातून बाहेर पडताना कमरेची डबी काढते आणि नातीला लावते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मादमवाझेल, यादीत अठरा कागद आहेत. एकोणिसावा नाही.”

आजीला काय सांगू? मी सांगितलं, मेत्र विचार करताहेत. आजीनं मेत्रकडे पाहून हात जोडले. मला त्या माणसाचा त्या क्षणी इतका राग आला की त्यांच्या दुपारच्या कॉफीत मी साखर घातली नाही.

*

चौदावा कागद डॉक्टरचा. आजी मीनाला नटवून घेऊन गेली. नवं झबलं, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. डॉक्टर शहरातले, नवे, काटेकोर. त्यांनी वजन लिहिलं, उंची लिहिली, आणि ‘ओळखीच्या खुणा’ या रकान्यात लिहिलं: ‘डाव्या गालावर गोल काळा डाग, व्यास चार मिलिमीटर.’

तो कागद गास्तोंनी वाचला. मेत्रनी वाचला. कोर्टात वाचला गेला. दोन सरकारी खात्यांनी त्यावर शिक्के मारले. भाषांतर मी केलं, आणि खोटं कशाला बोलू, यंत्रासारखं केलं. मलाही वाटलं, असेल डाग.

मग वकिलातीत शेवटची तपासणी. मेत्र, गास्तों, आजी, मीना आणि मी. मोठ्या साहेबासमोर पोर स्वच्छ दिसावी म्हणून आजीनं बाहेरच्या नळावर तिचं तोंड साबणानं खसाखसा धुतलं.

साहेबानं कागद वाचला. मीनाकडे पाहिलं. पुन्हा कागद वाचला.

“डाव्या गालावरचा डाग कुठे आहे?”

गास्तोंचा चेहराच उतरला. मला एकदम उलगडा झाला.

“कागदाप्रमाणे ही ती मुलगी नाही,” साहेब म्हणाला.

कागद दुरुस्त करायचा तर डॉक्टरपासून सगळं पुन्हा, म्हणजे सहा महिने. त्या जोडप्याची परवानगी तीन आठवड्यांत संपत होती. आणि आजीचे डोळे महिन्यागणिक विझत होते. ती माझा दंड धरून विचारत होती, “काय झाला? पापिये, तो कागद, खराब झाला काय?”

मी तिला सांगितलं. आजी आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून जी हसायला लागली!

“आयो! येवढाच?”

मी सरळ उभी राहिले आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, “साहेब, मुलीच्या तोंडाला प्रवासाची धूळ लागली आहे. पुसून आणते.”

व्हरांड्यात आजीनं कमरेची डबी काढली. कागद बदलायला सहा महिने, मूल बदलायला अर्धं मिनिट! आत आलो तेव्हा डाग जागेवर होता. साहेबानं फूटपट्टी काढली. मीनानं गालाकडे हात नेला, मी तो वरच्यावर धरला आणि त्याचा मुका घेतला.

“हा पाच मिलिमीटर आहे,” साहेब म्हणाला.

तेवढ्यात आमचे मेत्र, ज्यांनी आयुष्यात कागदाबाहेरचा शब्द काढला नव्हता, टाय नीट करत म्हणाले:

“मूल वाढतं आहे, मिस्ये!”

साहेबानं सही केली.

*

जोडपं मीनाला न्यायला आमच्या ऑफिसात आलं. फाईल त्यांच्या हातात, मीना बाईच्या कडेवर. आजीनं कमरेची डबी काढून त्या बाईच्या तळहातावर ठेवली.

“बाय, रोज सकाळी लाव. डाव्या गालाला. पोर देखणी हाय माजी.”

एवढंच बोलली ती. रडली नाही. रडत मी होते.

“काय म्हणतात त्या?” मादामनी विचारलं.

मी शपथ घेतलेली दुभाषी. कमी करणार नाही, जास्त करणार नाही, अशी कोर्टात हात वर करून घेतलेली शपथ. मी डोळे पुसले आणि म्हणाले, “मादाम, अधिकृत कागदांत नोंदलेली खूण कायम राखणं पालकांवर बंधनकारक आहे. रोज सकाळी, डाव्या गालावर. अन्यथा मूल आणि कागद जुळणार नाहीत.”

नवऱ्यानं वही काढून लिहून घेतलं.

“रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा!”

ते गेल्यावर मेत्र माझ्याकडे वळले. “त्या बाईनं एवढं सगळं सांगितलं?”

“हो मेत्र. मराठीत थोडक्यात होतं.”

मेत्र टाय नीट करत आपल्या खोलीत गेले.

*

आठ वर्षं गेली. ऑफिसात फोटोकॉपीचं यंत्र आलं, गास्तोंनी यादी नव्यानं टाईप केली. कागद अठराच. आणि एका सकाळी त्या थंड देशातून ऑफिसच्या नावानं एक पत्र आलं.

‘महोदय, मीना आता शाळेत जाते. नियमाप्रमाणे खूण रोज सकाळी लावली जाते, रविवारीसुद्धा. वर्षभरापासून ती आरशात पाहून स्वतःच लावते. आम्ही डबी फार काटकसरीनं वापरली, पण आता ती संपली आहे. नवी मिळण्यासाठी अर्ज कुठल्या खात्याकडे करावा आणि सोबत कोणते कागद जोडावेत, हे कृपया कळवावे. रिकामी डबी आणि मुलीचा फोटो सोबत पाठवत आहोत.’

मी पत्र, फोटो आणि रिकामी डबी घेऊन दुपारच्या बसनं पेती राफ्रेला गेले. आजी ओट्यावर बसली होती. डोळे पार गेलेले. पत्र मी मराठीत वाचलं, आणि या वेळी एक शब्द कमी नाही, जास्त नाही. फोटो तिच्या हातात दिला. ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

“खयच्या गालावर हाय?”

“डाव्या, आजी.”

तिनं फोटो पदराखाली धरला. मग शेजारणीला हाक मारून दिवा, एरंडेल आणि पितळेची ताटली आणायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी भरलेली डबी मी मेत्रच्या टेबलावर ठेवली आणि पत्र बाजूला. ओरडा खायची तयारी करूनच उभी होते. मेत्रनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. डबीचं झाकण उघडलं, वास घेतला, घट्ट लावलं. मग त्यांनी मेणबत्ती पेटवून लाल लाख वितळवली, झाकणावर ओतली आणि ऑफिसची मोहोर दाबली.

गास्तों यादी हातात घेऊन दारात उभे होते. “पण मेत्र, हे कितव्या क्रमांकाला टाकू?”

मेत्रनी मान वर केली नाही.

“एकोणिसाव्या.”